बंबामागून धावण्याचे दिवस

रात्रीचे साडेअकरा वाजले की मुंबईतील वृत्तपत्राच्या कचेरीतला गोंगाट ओसरू लागे. पाने छपाईला जाण्याची वेळ जवळ आलेली असे आणि रात्रपाळीचा वार्ताहर टेबलावरचा फोन पुढे ओढून नेहमीचे क्रमांक फिरवू लागे. आधी पोलिस नियंत्रण कक्ष, मग महापालिकेचा आपत्कालीन कक्ष, दोन-तीन मोठी रुग्णालये आणि शेवटी भायखळ्याचा अग्निशमन दलाचा नियंत्रण कक्ष. प्रश्न सगळीकडे एकच असे, "काही विशेष?" बहुतेक रात्री पलीकडून "शांत आहे" एवढेच उत्तर येई. एखाद्या रात्री मात्र फोन उचलणारा माणूस घाईघाईत म्हणे, "आत्ता नको, मागाहून करा," आणि फोन ठेवून देई. तीच बातमी असे. छायाचित्रकार कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून तोवर जिन्यापर्यंत पोहोचलेला असे.

पत्रकारितेची पदविका घेऊन परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मी मुंबईला गेलो, ते साल २०१०. पुढली आठ वर्षे मुंबईत काढली आणि त्यातला बराच काळ रात्रपाळीत गेला. आता हिंगोली जिल्ह्यात वार्ताहर म्हणून काम करताना मुंबईच्या त्या रात्री अनेकदा आठवतात. बंबामागून धावणे हा तेव्हा आमच्या धंद्याचा भाग होता आणि खरे सांगायचे तर त्यात एक प्रकारची नशाही होती. त्या आठवणींविषयी लिहायचे, तर आग विझवणारे नेमके काय करतात आणि बघणाऱ्याला त्यातले काय दिसत नाही, हेही सांगायला हवे. ते मला स्वतःलाच फार उशिरा कळले.

घंटेचा माग

आमच्या आधीच्या पिढीतील वार्ताहर आणि छायाचित्रकार आम्हाला नेहमी चिडवत. त्यांच्या मते खऱ्या आगी त्यांनी पाहिल्या होत्या आणि आमच्या वाट्याला केवळ धूर आला होता. साठ ते ऐंशीच्या दशकांतली मुंबई ही गिरण्यांची, गोदामांची आणि लाकडाच्या वखारींची मुंबई होती. लालबाग-परळच्या पट्ट्यात कापसाची गोदामे, रे रोड आणि दारूखान्याकडे लाकूड आणि भंगार, बंदरालगत तेल आणि रसायने, तर काळबादेवी-भुलेश्वरच्या गल्ल्यांत कापडाने खचाखच भरलेल्या जुन्या लाकडी इमारती. पेट घ्यायला शहरात सामग्रीची वाण नव्हती.

त्या काळी मोबाइल नव्हते. बंबावरची पितळी घंटा ऐकू आली की तिच्या दिशेने निघायचे, हाच मार्ग. एक ज्येष्ठ छायाचित्रकार सांगत, की घंटेच्या आवाजावरून गाडी कोणत्या रस्त्याला वळली हे त्यांना अंथरुणात पडल्यापडल्या कळे. एक घंटा गेली तर ते कूस बदलून पुन्हा झोपत. पाठोपाठ दुसरी आणि तिसरी गेली की उठून स्कूटर काढत. या सांगण्यात थोडा मीठमसाला असेलही, परंतु त्यातील हिशेब मात्र चोख होता. एका घटनेवर किती गाड्या जातात, यावरूनच आगीचा आकार समजतो.

गावाकडे 'बंब' म्हटले की आजही अनेकांना अंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब आठवतो. एकाच शब्दाने पाणी तापवणारे भांडेही ओळखले जावे आणि आग विझवणारी गाडीही, ही मराठीची गंमत आहे. मुंबईत गेल्यावर माझ्या कानांतून पहिला अर्थ हळूहळू पुसला गेला आणि दुसराच उरला.

वर्दी आली म्हणजे काय होते?

आग लागल्याची खबर म्हणजे अग्निशमन दलाच्या भाषेत 'वर्दी'. १०१ क्रमांकावर फोन येतो तेव्हा घेणारा चार गोष्टी विचारतो. कुठे लागली, कशाला लागली, कोणी अडकले आहे का आणि जवळची खूण कोणती. घाबरलेला माणूस पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन फोन ठेवतो आणि पुढली काही मिनिटे गल्ली शोधण्यात जातात. वर्दी केंद्रावर पोहोचताच घंटा वाजते आणि जवान एका मिनिटाच्या आत गाडीत असावेत, अशी अपेक्षा असते. मुंबईत तीसहून अधिक अग्निशमन केंद्रे आहेत. ती अशा अंतरावर आहेत, की पहिली गाडी काही मिनिटांत घटनास्थळी यावी.

पहिल्या गाडीतून उतरणारा अधिकारी पाइप हातात घेत नाही. तो आधी इमारतीभोवती नजर फिरवतो. धूर कोणत्या रंगाचा आहे, कोणत्या खिडकीतून जोराने येतो आहे, वारा कुठला आहे, जिना मोकळा आहे का, हे पाहतो. बघ्यांना वाटते, की हा माणूस नुसता उभा आहे. "पाणी मारा की!" असा ओरडा मी कित्येकदा ऐकला आणि नवखा असताना माझ्याही मनात तेच येई. प्रत्यक्षात पुढली रात्र कशी जाणार, हे त्या अर्ध्या मिनिटात ठरत असते.

आगीची तीव्रता मुंबईत क्रमांकाने सांगतात. क्रमांक एकची वर्दी म्हणजे आटोक्यात येण्याजोगी आग. दोन, तीन, चार अशी ती चढत जाते आणि प्रत्येक पायरीला आणखी गाड्या आणि आणखी वरिष्ठ अधिकारी येतात. सर्वांत वरची पायरी 'ब्रिगेड कॉल'. त्यासाठी शहरभरातून कुमक मागवली जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला लागलेली आग या पायरीपर्यंत गेली होती. ती विझवायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला आणि शेजारच्या उंच इमारतीतील सुमारे साडेतीन हजार रहिवाशांना बाहेर काढावे लागले. रात्रपाळीच्या वार्ताहराला हे आकडे पाठ असत. "दोनची तीन झाली" असे कळले, की पहिल्या पानावरची जागा राखून ठेवली जाई.

पाण्याचाही एक हिशेब असतो. एका पाइपातून मिनिटाला काहीशे लिटर पाणी सहज जाते. साडेचार हजार लिटरची गाडी त्या वेगाने दहा-पंधरा मिनिटांत रिकामी होते. म्हणून एक गाडी पाणी मारत असताना तिच्यामागे दुसरी उभी असावी लागते, तिसरी भरायला गेलेली असावी लागते आणि भरण्याची जागा जवळ असावी लागते. मुंबईतील मोठे 'जंबो टँकर' यासाठीच. रस्त्यात वेडीवाकडी उभी केलेली एक मोटार ही साखळी तोडू शकते. आमच्या मोटारसायकली अशा किती वेळा उभ्या होत्या, हे आज आठवले की मान खाली जाते.

आग 'आटोक्यात' येणे आणि 'विझणे' यांतही फरक आहे. आटोक्यात म्हणजे ती आणखी पसरणार नाही. त्यानंतर सुरू होते ते 'कूलिंग'. ढिगारा उपसून, उलथून, आतल्या निखाऱ्यांपर्यंत पाणी पोहोचवण्याचे हे कंटाळवाणे काम तासन्‌तास चालते. ज्वाळा गेल्या, की छायाचित्रकार निघून जात आणि वार्ताहरही. जवानांची अर्धी रात्र मात्र त्यानंतरच सुरू होई.

कापूस आणि चौदा एप्रिल

जुन्या जाणत्यांच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी गोदीतल्या स्फोटापाशी येत. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' हे मालवाहू जहाज उभे होते. महायुद्ध सुरू होते. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्याच जहाजावर कापसाच्या हजारो गाठीही होत्या. दुपारी गाठींमधून धूर दिसला. अग्निशमन दल आले आणि जहाजात पाण्याचे लोट सोडले गेले. परंतु आगीचे मूळ सापडेना. दुपारी चार वाजून काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्यांचे हादरे हजारभर मैलांवरच्या सिमल्यातील भूकंपमापकावर नोंदले गेले. शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह सुरू होतो.

हा इतिहास आमच्या भागातील माणसाला परका वाटू नये. कापूस आमच्या ओळखीचा आहे. दाबून बांधलेल्या गाठीत तंतूंच्या मधे हवा राहतेच. बाहेरून पाणी मारले, तर वरचा थर भिजतो आणि आतली ठिणगी वाट काढत खोल जाते. गाठ वरून थंड लागते आणि आतून धुमसत राहते. तास-दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, ती पुन्हा पेटते. म्हणून कापसाची आग विझवायची तर गाठ फोडून, पसरून, मुठीमुठीने भिजवावी लागते. मराठवाड्यातील जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात काम केलेला कोणताही हमाल हे सांगेल. गोदीतल्या जवानांनाही ते ठाऊक असणार. परंतु स्फोटकांच्या ढिगाखालच्या गाठी फोडायला त्यांना वेळ मिळाला नाही.

भायखळ्याच्या मुख्यालयात या शहिदांचे स्मारक आहे. दर वर्षी १४ एप्रिलला तिथे मानवंदना होते. पहिल्या वर्षी मी ती बातमी चार ओळींत आटोपली होती. पानावर जागाच तेवढी होती, अशी तेव्हा स्वतःची समजूत घातली.

गिरण्या गेल्या, धूर बदलला

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्याच नाहीत. कापसाची गोदामे रिकामी झाली. पुढे त्याच जमिनींवर मॉल, कचेऱ्या आणि उपाहारगृहे उभी राहिली. आगीचे खाद्य बदलले. कापूस आणि सागवान यांच्या जागी प्लास्टिक, फोम, कृत्रिम छत आणि वातानुकूलन यंत्रांच्या नळ्या आल्या. जुन्या छायाचित्रकारांच्या चित्रांत ज्वाळा असत. आमच्या चित्रांत काळ्या काचा आणि धूर अधिक असे, तो यामुळेच.

हा धूर ज्वाळेपेक्षा घातक असतो. जळणाऱ्या प्लास्टिकमधून आणि फोममधून विषारी वायू बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. दोन-चार श्वासांत माणसाला भोवळ येते आणि पळण्याची शक्तीच जाते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. ज्वाळांपासून वाचण्यासाठी काही जण स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. एके काळी जिथे सूत कातले जाई, त्या आवारात घडलेली ही घटना. धुरात अडकल्यास खाली वाकून किंवा रांगत बाहेर पडावे, कारण तप्त धूर वर चढतो आणि जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा थोडा वेळ शिल्लक असते. स्वच्छतागृहासारख्या दुसरी वाट नसलेल्या खोलीत शिरू नये. हे दोन नियम शाळेतच शिकवायला हवेत.

आणि कारण? दुसऱ्या दिवशीच्या बातमीचे शेवटचे वाक्य मी शेकडो वेळा लिहिले असेल. 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' वाक्य चुकीचे नसते, पण ते काही सांगतही नाही. ज्या तारेवर दोन पंखे चालायचे तिच्यावर चार वातानुकूलन यंत्रे कोणी जोडली, सैल जोडणी महिनोन्‌महिने कोणी पाहिली नाही, फ्यूजच्या जागी जाड तार कोणी बसवली, हे प्रश्न त्या वाक्याने मिटून जातात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, सादर करायचे असते. ते झाले होते का, हा प्रश्न आगीच्या रात्री विचारायचा आम्हा वार्ताहरांना क्वचितच सुचे.

मुंबईच्या त्या वर्षांत आणखीही आगी पाहिल्या. २१ जून २०१२ रोजी भर दुपारी मंत्रालय पेटले. राज्यभरातून कामे घेऊन आलेली माणसे जिन्यांवरून खाली धावत होती आणि वरच्या मजल्यांवरून जळालेले कागद उडत होते. कोणत्या जिल्ह्यातला कोणाचा अर्ज त्यात जळाला असेल, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. मी किती मजले, किती गाड्या, किती वाजता, हे टिपत होतो.

काळबादेवीची ती संध्याकाळ

धावण्याची नशा उतरली ती ९ मे २०१५ रोजी. काळबादेवीतील गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली होती. गल्ली अरुंद. तिथे मोठी शिडी उभी करणे अवघड. इमारतीतील रहिवासी बाहेर पडले होते आणि आग शेजारच्या इमारतींत जाऊ नये म्हणून झुंज सुरू होती. तेवढ्यात इमारतीचा भाग कोसळला. त्यात दलाचे अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई यांचा मृत्यू झाला. उपप्रमुख अग्निशमन अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले आणि त्याच महिन्यात उपचार सुरू असताना त्यांचेही निधन झाले. एकाच आगीत एवढे वरिष्ठ अधिकारी गमावण्याची वेळ मुंबईवर आली.

जुनी इमारत आगीत का कोसळते, हेही समजून घेण्यासारखे आहे. लाकडी तुळया बाहेरून जळत जातात आणि आतला गाभा बारीक होत जातो. एका क्षणी उरलेला गाभा वरचे ओझे पेलू शकत नाही. लोखंडी तुळई जळत नाही, पण तापली की तिचा जोर जातो आणि ती वाकते. त्यात वरच्या मजल्यांवर मारलेले पाणी साचते, कापडाचे आणि कागदाचे गठ्ठे ते शोषून घेतात आणि ओझे वाढत जाते. आग विझवणारे पाणीच इमारतीला जड होते. हे सारे अनुभवी अधिकाऱ्याला माहीत असते आणि तरीही शेजारची इमारत वाचवायची, तर जवळ जावेच लागते.

त्या रात्री मी कचेरीत होतो आणि एकामागून एक फोन लावत होतो. भायखळ्याला फोन लावला आणि सवयीने विचारून गेलो, "काही विशेष?" पलीकडचा आवाज ओळखीचा होता. तो काही क्षण काहीच बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "आमचेच आहेत." त्यानंतर मुंबईत असेपर्यंत मी तो प्रश्न त्या शब्दांत कधी विचारला नाही.

आमच्या गप्पांत 'काय दिवस होते' असे येत असे. धावपळीची रात्र म्हणजे चांगली रात्र. पण वार्ताहराची जी धावपळीची रात्र, ती कुणाच्या तरी घराची शेवटची रात्र असते आणि कुणा जवानाच्या घरी दार उघडे ठेवून वाट पाहण्याची रात्र असते. आठवणीत रमताना एवढे भान सुटू नये.

हिंगोलीचा हिशेब

जिल्ह्यात परतल्यावर पहिली मोठी आग पाहिली ती एका एप्रिलमध्ये, एका खेड्यात. शेतातल्या आखाड्याला आग लागली होती. शेजारी कडब्याची गंजी, दावणीला जनावरे आणि पत्र्याखाली हळदीची पोती. ओळखीच्या एकाने फोन केला आणि मी मोटारसायकलवरून निघालो. मी पोहोचलो तेव्हा गावकरी फवारणीच्या पंपांनी आणि घागरींनी पाणी मारत होते. विहिरीवर मोटार होती, पण वीज नव्हती. कुणीतरी प्रसंगावधान राखून जनावरांची दावी कापली होती, म्हणून ती वाचली. बंब आला तेव्हा पत्रे वाकून जमिनीला टेकले होते. जवानांनी उतरताक्षणी पाइप जोडला, उरलेसुरले विझवले आणि निखारे उलथून थंड केले. त्यांच्या कामात कसूर नव्हती. आखाड्याचा म्हातारा मालक माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुमी आधी आले अन् बंब मागून आला, असं कसं वो? आता इझवायला काय ऱ्हायलंय?"

मुंबईत मी आयुष्यभर बंबामागून धावलो होतो. इथे मी बंबाच्या पुढे होतो आणि ती काही अभिमानाची गोष्ट नव्हती.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर अंतरात आहे. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषांनुसार वर्दी मिळाल्यापासून शहरात ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत मदत पोहोचावी. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव. नगरपालिकेच्या गावापासून पंचवीस किलोमीटरवरचे खेडे धरले आणि भरल्या गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटर धरला, तरी नुसत्या प्रवासाला सदतीस-अडतीस मिनिटे लागतात. फोन लागणे, गाडी निघणे आणि शेतरस्ता सापडणे हे त्यावर आणखी. कडब्याची गंजी इतका वेळ थांबत नाही.

अंतराच्या मागे एक घटनात्मक कारणही आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांची यादी आहे आणि तीत अग्निशमन सेवा स्पष्टपणे नमूद आहे. त्याच वर्षीच्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आणली. तीत २९ विषय आहेत. शेती आहे, पशुसंवर्धन आहे, इंधन आणि चारा आहे. आग विझवणे मात्र त्यात नाही. चारा पंचायतीचा विषय आहे, पण पेटलेला चारा विझवणे तिच्या यादीत नाही. म्हणून खेड्यातली आग विझवायला शेजारच्या शहराच्या बंबाची वाट पाहावी लागते आणि त्या शहरात त्याच वेळी दुसरी वर्दी असेल, तर आणखी दूरच्या शहराची.

आमच्याकडील आगींना हंगाम असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनच्या गंज्या शेतात उभ्या असतात. फेब्रुवारीपासून हळद काढणे, शिजवणे, वाळवणे सुरू होते आणि शिजवण्याच्या भट्ट्या शेताशेतांत पेटतात. त्याच सुमारास ऊस वाळून तोडणीला आलेला असतो आणि लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात. एप्रिल-मे कडब्याचे आणि गोठ्यांचे. मुंबईच्या आगीत दुकान जळते तेव्हा अनेकदा विमा असतो. इथे गंजी जळते तेव्हा वर्षभराचे उत्पन्न, बियाण्याचे पैसे आणि मुलीच्या लग्नाची तारीख एकदम जळते. तिची बातमी मात्र आतल्या पानावर एका परिच्छेदात येते. 'शेतकऱ्याचे लाखोंचे नुकसान' हा तिचा मथळा ठरलेला असतो. तसे मथळे मीही दिले आहेत.

उपाय फार मोठे नाहीत. गंज्या एकमेकींपासून आणि आखाड्यापासून दूर रचाव्यात, म्हणजे एक पेटली तर सगळ्या जात नाहीत. विजेच्या तारांखाली गंजी नको. भट्टी लावण्याआधी भोवतालचे पाचट काढून जमीन ओली करावी आणि रात्री निखारे पाण्याने विझवल्याशिवाय जाऊ नये. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या टँकरवर डिझेलचा एक पंप आणि काही फूट पाइप ठेवला, तर बंब येईपर्यंतची ती पस्तीस-चाळीस मिनिटे गावाला लढता येते. वर्दी देताना गट क्रमांक सांगून उपयोग नसतो. फाटा, देऊळ, शाळा अशी खूण सांगावी आणि एका माणसाने फाट्यावर उभे राहावे. १०१ लागत नसेल, तर ११२ आहेच. हे सारे मुंबईच्या आगींनीच शिकवलेले आहे. पहिला मान मिनिटांना, दुसरा पाण्याला आणि तिसरा रस्त्याला.

पाठमोरा जवान

हिंगोलीचा सार्वजनिक दसरा महोत्सव साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. रामलीला मैदानावर रावणदहन पाहायला हजारोंची गर्दी लोटते. गेल्या काही वर्षांत त्याची बातमी माझ्याकडे असते. पहिल्या वर्षी सवयीने मी बंब कुठे उभा आहे ते शोधले. गर्दीच्या कडेला, बाहेर पडायला वाट मोकळी राहील अशा बेताने तो उभा होता.

रावण पेटला, फटाके उडाले आणि एकच जल्लोष झाला. लहान मुले वडिलांच्या खांद्यांवर बसून टाळ्या पिटत होती. मैदानातले सगळे चेहरे ज्वाळांच्या उजेडात लाल झाले होते. गाडीजवळचा एक जवान मात्र रावणाकडे पाठ करून उभा होता. तो वर, अंधारात उडणाऱ्या ठिणग्यांकडे पाहत होता. ठिणग्या कोणत्या दिशेला जातात आणि त्या दिशेला कुणाचे छप्पर आहे, हे तो पाहत होता.

मी माझी वही मिटली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. "काही विशेष?" असे न विचारता मी म्हणालो, "वारा कुठला आहे?" त्याने हाताने पूर्वेकडे खूण केली आणि पुन्हा वर पाहू लागला.